चौकटीशी निष्ठा, पानाशी द्रोह

१

माध्यमांतराच्या चर्चेत 'निष्ठा' हा शब्द उच्चारणे आता जवळजवळ अशिष्टपणाचे ठरले आहे. जॉर्ज ब्लूस्टोन यांच्या १९५७ मधील ग्रंथाने कादंबरी आणि चित्रपट ही दोन वेगळी घटिते असल्याचे आग्रहाने मांडले. रॉबर्ट स्टॅम यांनी २००० साली 'विश्वासघात', 'भ्रष्टीकरण' यांसारख्या समीक्षकी शब्दांमागची नैतिक दर्पोक्ती उघडी पाडली. लिंडा हचन यांच्या २००६ मधील ग्रंथाने रूपांतराला प्रत न मानता पुनरावृत्तीचा एक स्वतंत्र व्यवहार मानले. या परंपरेने समीक्षेवर उपकार केले यात शंका नाही. कोणता प्रसंग गाळला, कोणत्या पात्राचे केस वेगळ्या रंगाचे दाखवले, असली मोजदाद म्हणजे समीक्षा नव्हे, हे तिने पटवून दिले.

परंतु विचार वर्गात शिरला की त्याचे सूत्र होते आणि सूत्राची ढाल व्हायला वेळ लागत नाही. 'माध्यमे भिन्न आहेत, म्हणून तुलना व्यर्थ आहे' हे आजचे सूत्र आहे. ते तर्कदुष्ट आहे. भिन्नत्वातून अतुलनीयत्व निष्पन्न होत नाही; किंबहुना भिन्न वस्तूंचीच तुलना अर्थपूर्ण असते. शिवाय दोन कृती खरोखरच अतुलनीय असतील, तर एखाद्या चित्रपटाला 'समर्थ रूपांतर' म्हणण्याचाही अधिकार उरत नाही. तो अधिकार मात्र हेच अभ्यासक मुक्तहस्ते वापरतात. निंदेच्या वेळी अतुलनीयता आणि स्तुतीच्या वेळी तुलना, असा हा सोयीचा व्यवहार आहे. त्याचा लाभ कोणाला होतो हेही उघड आहे. प्रचंड भांडवलावर उभ्या राहणाऱ्या चित्रपटाला 'तू काय घेतलेस आणि त्याचे काय केलेस' असे कोणी विचारू नये, ही बाजाराची इच्छा सिद्धांताच्या भाषेत पूर्ण होते.

दुसऱ्या टोकाला चाहत्यांचा वर्ग आहे. तो पडद्यावरची प्रतिमा छापील चौकटीशेजारी ठेवून जुळते का ते पाहतो. हे दोन पक्ष परस्परविरोधी भासतात. वस्तुतः त्यांचे गृहीतक एकच आहे. मूळ कृती म्हणजे कथानक आणि चित्रे यांचा साठा, असे दोघेही मानतात. एकाला तो साठा जसाच्या तसा हवा असतो, दुसऱ्याला त्याची पर्वा नसते. साठा ज्या रचनेमुळे कलाकृती होतो, ती रचना दोघांच्याही नजरेतून निसटते.

२

हा मुद्दा तपासण्यासाठी 'वॉचमेन' इतके निर्णायक उदाहरण क्वचितच सापडेल. ॲलन मूर यांचे लेखन, डेव्ह गिबन्स यांची चित्रे आणि जॉन हिगिन्स यांची रंगयोजना असलेली ही चित्रकथा १९८६-८७ मध्ये बारा अंकांत प्रसिद्ध झाली. झॅक स्नायडर यांचा चित्रपट २००९ साली आला. चित्रकथेतील चौकटींचा त्यात इतका काटेकोर पाठपुरावा आहे, की छापील पानेच त्याची चित्रणसंहिता ठरली. मूर यांनी श्रेयनामावलीत आपले नाव येऊ दिले नाही, ही गोष्ट येथे पुरावा म्हणून अप्रस्तुत आहे. लेखकाची नाराजी हा समीक्षेचा निकष होऊ शकत नाही. निकष कृतीतच शोधला पाहिजे.

चित्रकथेचे एकक चौकट नव्हे, पान आहे. स्कॉट मॅक्क्लाउड यांनी १९९३ साली दोन चौकटींमधल्या रिकाम्या पट्टीचे महत्त्व सांगितले: वाचक त्या पट्टीत न दाखवलेली कृती स्वतः पूर्ण करतो. तिएरी ग्रोनस्टीन यांनी १९९९ मध्ये त्यापुढे जाऊन दाखवले, की चौकट शेजारच्या चौकटीशी तर बांधलेली असतेच, शिवाय दूरच्या पानावरील चौकटींशीही ती गुंफलेली असते. मराठी समीक्षेला हा विचार परका वाटण्याचे कारण नाही. कलाकृतीचे सौंदर्य सुट्या घटकांत नसून त्यांच्यातील संवाद, विरोध आणि समतोल या संबंधांत असते, हे मर्ढेकरांनी लयतत्त्वाच्या मांडणीत सांगितलेच होते.

'वॉचमेन'चे पान बहुतांशी नऊ समान चौकटींच्या जाळीवर उभे आहे. गतिरेषा, विचारांचे फुगे आणि ध्वनिदर्शक अक्षरे ही सुपरहिरोच्या चित्रकथेची नेहमीची आयुधे तिने जवळजवळ टाकून दिली आहेत. पाचव्या प्रकरणाची अठ्ठावीस पाने आरशातील प्रतिबिंबासारखी रचली आहेत: पहिल्या पानाची मांडणी शेवटच्या पानाशी जुळते, दुसऱ्याची शेवटून दुसऱ्याशी, आणि मधल्या जोडपानावर हल्ल्याचा प्रसंग येतो. चौथ्या प्रकरणात डॉक्टर मॅनहॅटन मंगळावर एक छायाचित्र हाती घेऊन बसतो. त्याला भूत, वर्तमान आणि भविष्य एकाच वेळी दिसतात. पान उघडणाऱ्या वाचकालाही ते तसेच दिसतात: सगळ्या चौकटी डोळ्यांसमोर एकदम असतात आणि वाचन मात्र एकेक करून चालते. पात्राची जाणीव आणि वाचकाची स्थिती येथे एकरूप होतात. लेसिंगने १७६६ साली चित्राला अवकाश आणि काव्याला काळ वाटून दिला होता. चित्रकथेचे पान ती वाटणीच मोडते.

चित्रपटात हे प्रकरण आहे. छायाचित्र आहे, मंगळ आहे, निवेदनही आहे आणि फिलिप ग्लास यांचे संगीत त्याला गांभीर्य देते. परंतु पडद्यावर एक दृश्य गेले की ते गेले. मागे वळून पाहण्याची मुभा प्रेक्षकाला नाही. परिणामी काळाविषयीचे एक तत्त्वचिंतन एका दुःखी माणसाच्या आठवणींत रूपांतरित होते. एकही महत्त्वाची चौकट हरवलेली नाही. हरवले आहे ते पान.

३

येथपर्यंतच्या हानीला कोणी माध्यमाची अपरिहार्य मर्यादा म्हणेल. हिंसेच्या बाबतीत मात्र तो बचाव टिकत नाही. तेथे चित्रपटाने मर्यादेमुळे नव्हे, तर निवडीने मूळ अर्थ उलटा केला आहे.

चित्रकथेत एडवर्ड ब्लेकचा खून सुट्या, लालसर चौकटींत दिसतो. दोन पोलीस अधिकारी ओसाड खोलीत थंडपणे तर्क करीत असतात आणि त्या संभाषणात हे तुकडे पेरलेले असतात. हिंसा तेथे चौकशीचा विषय आहे. चित्रपट त्याच खुनाची प्रदीर्घ मारामारी करतो. त्यात नॅट किंग कोलचे प्रेमगीत वाजते आणि ठोसा लागण्याच्या क्षणी गती मंदावते. मंदगती हे निरुपद्रवी तंत्र नाही. ते प्रेक्षकाला 'थांब आणि याचा आस्वाद घे' असे सांगते. स्थिर चौकट कृतीचा झोत तोडते. मंदगती त्याच कृतीला लावण्य देते. दोन्ही 'थांबतात' म्हणून त्या समान, असे मानणे ही दृष्टीची चूक आहे.

याहून स्पष्ट उदाहरण सहाव्या प्रकरणातील आहे. लहान मुलीच्या मारेकऱ्याला रॉर्शॅक शेगडीला बेडीने जखडतो, हाताशी करवत ठेवतो आणि घराला आग लावून निघून जातो. मग तो बाहेर उभा राहून ते घर जळताना पाहतो. मृत्यू दिसत नाही. दिसतो तो एक मुखवटा, आणि त्यामागचा माणूस आता उरला नसल्याची जाणीव. चित्रपटात तोच रॉर्शॅक सुरा घेऊन माणसाच्या डोक्यात पुन्हापुन्हा घाव घालतो. पहिल्या प्रसंगात वाचक न्यायाच्या नावाखाली चाललेल्या शून्यीकरणाचा साक्षी होतो. दुसऱ्यात त्याला सूडाचे समाधान मिळते. सुपरहिरो या कल्पनेतच दडलेली हिंस्र आत्मतुष्टी उघडी करणे हे मूळ कृतीचे प्रयोजन होते. चित्रपट तीच आत्मतुष्टी विकतो आणि चौकटी मात्र जपतो.

४

शेवटाविषयी जो वाद झाला, त्यात ही उलटापालट कोणाच्या ध्यानात आली नाही. मूळ कृतीत ओझिमँडियस न्यूयॉर्कवर एक कृत्रिम महाकाय प्राणी आदळवतो आणि परग्रहावरील आक्रमणाचा आभास निर्माण करून महासत्तांमधील युद्ध टाळतो. चित्रपटात संहाराचा आळ डॉक्टर मॅनहॅटनवर येतो. हा बदल योग्य की अयोग्य यावर चाहते भांडत राहिले. खरे पाहता हा बदल समर्थनीय आहे. कथानकाच्या दृष्टीने तो कदाचित अधिक सुबकही आहे.

प्रश्न वेगळाच आहे. बाराव्या प्रकरणाच्या आरंभी सहा सलग पानांवर प्रत्येकी एकच चित्र येते. अकरा प्रकरणे डोळा जाळीला सरावलेला असतो. ती जाळी येथे एकाएकी फाटते आणि रस्ताभर प्रेते दिसतात. ती प्रेते अनोळखी नसतात. वृत्तपत्रविक्रेता आणि त्याच्या ठेल्याशेजारी फुकट चाच्यांची चित्रकथा वाचत बसणारा मुलगा, दोघांचेही नाव बर्नार्ड, यांच्या सहवासात वाचकाने अनेक प्रकरणे काढलेली असतात. अकराव्या प्रकरणाच्या अखेरीस ते एकमेकांना कवटाळतात. त्यांच्यामुळेच 'लाखो' या संख्येला चेहरा मिळतो.

चित्रगृहांत आलेल्या १६२ मिनिटांच्या आवृत्तीत हा ठेला जवळजवळ नाहीसा झाला आहे आणि संहारानंतर दिसतो तो स्वच्छ खड्डा. माणसे कणांत विरून जातात. प्रेत उरत नाही. एका बोळातील मारामारीत हाड कातडी फाडून बाहेर आलेले दाखवणारा हा चित्रपट लाखोंच्या हत्येच्या वेळी एकाएकी संकोची होतो. व्यक्तीची हिंसा रसाळ आणि समूहाची हिंसा निर्जंतुक, ही दृश्यनीती आहे, आणि मूळ कृती हिच्याविरुद्धच उभी होती. पुढे २१५ मिनिटांच्या आवृत्तीत ठेला आणि चाच्यांची कथा परत आणली गेली. तरीही खड्डा खड्डाच राहिला. साठा वाढवल्याने संबंध निर्माण होत नाहीत, याचा याहून चांगला पुरावा शोधण्याची गरज नाही.

५

येथे एक आक्षेप संभवतो. चित्रपटाला पान नाही. मग पानाच्या अभावी त्याला दोषी ठरवणे हा अन्याय नव्हे काय? मागणी पानाची असती तर तो अन्याय ठरला असता. आंग ली यांच्या 'हल्क'मध्ये (२००३) पडद्याचेच चौकटींत विभाजन केले होते. तेथे सर्व चौकटी एकदम हलतात आणि वाचकाला थांबवणारी रिकामी पट्टी केवळ नक्षी होऊन बसते. म्हणजे पानाचे रूप उचलणे हाही मार्ग नव्हे. मागणी कार्याची आहे: मूळ कृतीत जे काम एक साधन करीत होते, ते चित्रपटात कोण करते? आणि कोणीच करीत नसेल, तर त्या त्यागातून काय मिळवले?

या प्रश्नाला उत्तरे असू शकतात. 'स्पायडर-मॅन: इन्टू द स्पायडर-व्हर्स' (२०१८) या चलच्चित्रपटात नवख्या माइल्सच्या हालचालींना निम्म्याच चित्रांची गती दिली होती. पूर्ण गतीने हलणाऱ्या अनुभवी पीटरशेजारी तो अडखळताना दिसतो. चौकटींमधली फट तेथे पात्राच्या अननुभवाचे चिन्ह बनते. डेमन लिंडेलॉफ यांच्या 'वॉचमेन' मालिकेने (२०१९) तर मूळ कथानक घेतलेच नाही. १९२१ मधील टल्सा येथील कृष्णवर्णीयांच्या हत्याकांडापासून आरंभ करून 'मुखवटा कोण घालतो आणि कशापायी' हा मूळ कृतीचा प्रश्न तिने त्या कृतीने मोकळ्या सोडलेल्या जागी नेला. सहाव्या भागात नात आजोबांच्या स्मृतीत शिरते आणि दोन काळ एकाच दृश्यात नांदतात. मंगळावरील प्रकरणाचे काम येथे पुन्हा होते, आणि तेही त्यातली एकही चौकट न उचलता.

सर्वांत बोलका पुरावा खुद्द स्नायडर यांच्याच चित्रपटात आहे. आरंभीची श्रेयनामावली जवळजवळ गोठलेल्या दृश्यांतून मुखवटाधाऱ्यांचा पर्यायी इतिहास उलगडते. मूळ कृतीत हे काम प्रकरणांच्या शेवटी जोडलेले आत्मचरित्राचे उतारे, कात्रणे आणि अहवाल करीत होते. ही दृश्यमालिका कोणत्याही पानाची नक्कल नाही, आणि म्हणूनच ती चित्रपटातील सर्वांत निष्ठावान भाग ठरते.

तात्पर्य, निष्ठा ही संकल्पना टाकून देण्याजोगी नाही. तिचा विषय बदलला पाहिजे. ती चित्राशी नसते, कथानकाशी नसते, लेखकाच्या इच्छेशी तर नसतेच. ती कृतीने वाचकाकडून करवून घेतलेल्या कामाशी असते. रूपांतरकाराने ते काम नाकारले तरी हरकत नाही, पण ते काय होते हे त्याला ठाऊक असले पाहिजे. समीक्षकाला मात्र ते ठाऊक नसण्याची सवलत नाही. माध्यमांची भिन्नता हा समीक्षेच्या कामाचा आरंभ आहे. तिलाच शेवट मानणारी समीक्षा सहिष्णू वाटते खरी, पण समोर ठेवलेल्या कृतीविषयी बोलण्याचे आपले काम ती करीत नाही.