दुसऱ्या शस्त्रक्रियेची जबाबदारी कोणाची?

तातडीच्या शस्त्रक्रियेने रुग्णाचा जीव वाचला की कुटुंब सुटकेचा निःश्वास टाकते आणि सरकारी योजनेच्या खात्यावर एक यशस्वी नोंद होते. मात्र त्यानंतर दोन-तीन आठवड्यांनी छातीवरची जखम उकलली, तर पुढे काय, हा प्रश्न आपल्या आरोग्य धोरणात क्वचितच विचारला जातो. तेलंगणातील आदिलाबाद जिल्ह्याच्या संदर्भात तो अधिक तीव्र होतो आणि गोमंतकीयांनीही त्याकडे दुर्लक्ष करून चालणार नाही.

प्रथम वैद्यकीय बाजू समजून घेऊ. हृदयावरील बहुतेक मोठ्या शस्त्रक्रियांत छातीचे मधले हाड, म्हणजे उरोस्थी, उभी कापावी लागते आणि नंतर तारेने पुन्हा बांधली जाते. शंभरांतील एक ते तीन रुग्णांत या ठिकाणी खोलवर जंतुसंसर्ग होतो. मधुमेह, लठ्ठपणा आणि धूम्रपान यांमुळे धोका वाढतो. शस्त्रक्रिया तातडीची असेल तर रक्तातील साखर आटोक्यात आणायला उसंत मिळत नाही आणि हा धोका आणखी बळावतो. अपघातात छाती चिरडल्यानंतर केलेल्या शस्त्रक्रियांनाही हेच लागू पडते.

एकेकाळी अशा संसर्गात निम्म्याच्या आसपास रुग्ण दगावत. 1980 मध्ये अमेरिकेतील अटलांटा येथील मॉरिस जुर्कीविझ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कुजलेले हाड काढून ती पोकळी छातीच्याच स्नायूने भरण्याची पद्धत मांडली आणि चित्र पालटले. स्नायू त्याच्या रक्तवाहिनीसह वळवून जखमेत बसवला जातो. रक्तपुरवठा चांगला असल्याने तो जंतूंशी झुंजतो आणि आतील हृदयाला आच्छादन देतो. स्नायू अपुरा पडला तर पाठीचा रुंद स्नायू किंवा पोटातील आतड्यांवरचा चरबीचा पदर, ज्याला वपा म्हणतात, तो वापरतात. जखमेवर स्पंज बसवून यंत्राने सतत स्राव ओढून घेण्याची पद्धत 1997 नंतर जगभर रुळली आणि पुनर्रचनेआधी जखम स्वच्छ करणे सोपे झाले. म्हणजे ज्ञान आहे, तंत्रही आहे. अडते ते हे सारे वेळेत रुग्णापर्यंत पोहोचण्यात.

आदिलाबाद हे पैनगंगेच्या अलीकडचे, महाराष्ट्राला लागून असलेले शहर. येथे मराठी घराघरांत बोलली जाते. ऑक्टोबर 2016 मध्ये जुन्या विशाल जिल्ह्याचे चार जिल्हे झाले. येथून हैदराबाद सुमारे 300 किलोमीटर, तर नागपूर सुमारे 200 किलोमीटर. शहरातील राजीव गांधी वैद्यकीय विज्ञान संस्था, म्हणजे लोकांचे 'रिम्स', 2008 पासून या भागाचा आधार आहे. राज्याच्या सीमेपलीकडच्या किनवट परिसरातील रुग्णही तेथे येतात. प्रधानमंत्री स्वास्थ्य सुरक्षा योजनेच्या तिसऱ्या टप्प्यात रिम्सला सुपर स्पेशालिटी विभागाची इमारतही मिळाली. पण इमारत उभारणे सोपे, तज्ज्ञ टिकवणे कठीण. छातीच्या पुनर्रचनेला हृदयशल्यविशारद, प्लास्टिक सर्जन, भूलतज्ज्ञ आणि अतिदक्षता विभाग असे चौघे एकाच छताखाली लागतात. महानगरांबाहेर हा संच जुळवणे देशभरातील जिल्हा इस्पितळांना जड जाते.

परिणामी हृदयाच्या शस्त्रक्रियेसाठी आदिलाबादच्या रुग्णाला मोठ्या शहराची वाट धरावी लागते. तो गावी परततो, आणि जखम चिघळते ती गावी. सुरुवातीची लक्षणे फसवी असतात: थोडा ताप, थोडा पू, खोकताना हाड हलल्याची जाणीव. जवळचा डॉक्टर प्रतिजैविक देतो, पट्टी बदलतो, आणि त्यात मोलाचे दिवस निघून जातात. हाड कुजू लागल्यावर 300 किलोमीटरचा प्रवास पुन्हा करायचा, तोही रोजंदारी बुडवून.

इथे योजनेची मर्यादा उघडी पडते. तेलंगणाने डिसेंबर 2023 मध्ये राजीव आरोग्यश्रीची मर्यादा 10 लाख रुपयांपर्यंत नेली. हे पाऊल स्वागतार्हच होते. परंतु रकमेइतकाच काळाचाही प्रश्न आहे. आयुष्मान भारत योजनेत घरी पाठवल्यानंतरच्या 15 दिवसांचा खर्च पॅकेजमध्ये धरला जातो. उलट, हृदयशस्त्रक्रियेनंतरच्या खोल संसर्गावर 90 दिवस लक्ष ठेवावे, असा अमेरिकेच्या रोगनियंत्रण केंद्राचा निकष आहे. या दोन आकड्यांमधील 75 दिवसांत जखम उकलली, तर रुग्ण कागदोपत्री नव्याने दाखल होतो. नवी मंजुरी, कदाचित नवे इस्पितळ, आणि पहिल्या शस्त्रक्रियेची कागदपत्रे पिशवीत घेऊन फिरणारे नातेवाईक.

सीमेवर हा गुंता वाढतो. नदीच्या एका काठाला आरोग्यश्री, दुसऱ्या काठाला महात्मा जोतीराव फुले जन आरोग्य योजना. रुग्ण मात्र जवळचे दार शोधतो, आणि ते दार अनेकदा दुसऱ्या राज्यात असते. गोव्याला हा अनुभव नवा नाही. जानेवारी 2018 पासून गोमेकॉत परराज्यांतील रुग्णांना शुल्क लागू झाले, तेव्हा दोडामार्ग आणि सावंतवाडी भागात केवढा असंतोष उसळला होता, हे आपण पाहिले आहे. गोव्याच्या तिजोरीवरील भार खरा होता आणि सिंधुदुर्गातील रुग्णाची अडचणही खरी होती. दोन सरकारांनी आपसांत हिशेब करणे हाच त्यावरचा मार्ग. तो अशक्य नाही. महाराष्ट्राने 2023 मध्ये कर्नाटकातील 865 सीमावर्ती गावांना आपली आरोग्य योजना लागू करण्याचा निर्णय घेतला होता. पैनगंगेच्या दोन्ही काठांसाठी असा विचार का होऊ नये?

भूगोलाच्या बाबतीत गोवा सुदैवी आहे. काणकोण असो वा सत्तरी, बांबोळी शंभर किलोमीटरच्या आत आहे. आदिलाबादला हे भाग्य नाही. म्हणूनच तेथे तीन गोष्टी तातडीने व्हायला हव्यात. हृदयशस्त्रक्रियेच्या पॅकेजमध्ये 90 दिवसांची देखरेख आणि गरज पडल्यास पुनर्रचना, ही एकाच उपचाराचा भाग मानावी. शस्त्रक्रिया करणाऱ्या इस्पितळाने रुग्णाला घरी पाठवताना जिल्हा इस्पितळाला त्याची माहिती द्यावी, आणि तेथील परिचारिकांना जखमेची धोक्याची लक्षणे ओळखण्याचे प्रशिक्षण मिळावे. मोबाइलवरून जखमेचे छायाचित्र तज्ज्ञापर्यंत पोहोचणे आज कठीण नाही. तिसरे म्हणजे, प्लास्टिक सर्जनचे पद ही चैन नसून जीवरक्षक सेवेचा भाग आहे, हे मान्य करून रिम्ससारख्या संस्थांत ते भरले जावे. पूर्णवेळ तज्ज्ञ मिळेपर्यंत ठरावीक दिवशी भेट देणारे पथक तरी असावे.

यांपैकी पहिल्या दोन गोष्टींसाठी नवी इमारत लागत नाही, आणि त्या गोव्याच्या दीनदयाळ स्वास्थ्य सेवा योजनेलाही तितक्याच उपयोगी आहेत. किती शस्त्रक्रिया झाल्या, हे प्रत्येक सरकार अभिमानाने सांगते. तीन महिन्यांनंतर किती रुग्ण जखम भरून कामावर परतले, हेही सांगायची वेळ आता आली आहे.