सारथ्याची परीक्षा

केळीचे घड उतरूं लागले म्हणजे आमचा रावेर-बऱ्हाणपूर रस्ता रात्रीं नुसता भरून वाहतो. ट्रक परवडले, पण मागें दिवा नसलेली, दोहों अंगांनीं फुगलेली ट्रॅक्टरची ट्रॉली पुढें आली कीं जीव टांगणीस लागतो. गेल्या पंधरवड्यांत नातवाच्या नव्या मोटारींतून याच रस्त्यानें येत होतों. पुढील वाहन फार जवळ आल्यास घंटी वाजविणारें, व वेळ पडल्यास आपण होऊन ब्रेक लावणारें यंत्र तींत आहे. “आजोबा, तुम्ही खुशाल निजा. माझा डोळा लागला तरी गाडी जागी आहे!” असें तो म्हणाला, आणि माझी झोप पार उडाली.

या सारथ्याची परीक्षा कोण घेतो? घेतात, हें खरें. धार जिल्ह्यांत पीथमपूर येथें ११.३ किलोमीटरचा अतिवेगाचा चाचणीमार्ग २०२१ सालीं खुला झाला. युरोपांत मऊ पदार्थाची खोटी मोटार किंवा मनुष्याकृति बाहुली गाडीच्या वाटेंत आणतात व गाडी वेळेवर थांबते कीं नाहीं तें मोजतात. परंतु जन्मभर पेपर तपासलेल्या माणसास एक शंका येतेच. ठरलेला प्रश्न आला म्हणजे मठ्ठ विद्यार्थीहि उत्तीर्ण होतो. पानांनीं झांकलेली, बिनदिव्याची ट्रॉली त्या प्रश्नपत्रिकेंत कोठें आहे?

म्हणून मला नागपूरचा प्रयोग अधिक मोलाचा वाटतो. २०२१ सालीं ‘आयरास्ते’ या नांवानें तो सुरू झाला. शहरच्या बसगाड्यांवर कॅमेरे बसविले. पुढील वाहनाशीं अंतर कमी होतांच तें यंत्र चालकास सावध करी, ब्रेक मात्र माणसाच्याच पायाखालीं. (संस्कृतांत सारथ्यास ‘सूत’ म्हणतात, आणि कथा सांगणाराहि सूतच. हा नुसताच सांगणारा!) जेथें इशारे वारंवार होतात तीं स्थळें नकाशावर टिपून, तेथें माणसें मरण्यापूर्वींच रस्ता दुरुस्त करावा, ही त्यांतील खरी बुद्धि. एरवीं प्रेतें मोजल्याखेरीज आपण स्थळास धोक्याचें म्हणत नाहीं. २०२२ सालीं देशांत रस्त्यांवर १,६८,४९१ माणसें गेलीं.

नातवास मी गाडी चालवितांना जागें राहण्याची शपथ घातली. त्यानें हंसत मान डोलविली व म्हणाला, “पण आजोबा, आपल्या ट्रॉलीस तरी मागें लाल पट्टी आहे का?”

सकाळीं मळ्यांत जाऊन पाहिलें. नव्हती.