घरच्या तबकड्या व आपले कर्तव्य

‘जाळणे’ हा शब्द कानी पडताच मनात राख उभी राहते. परंतु सुमारे पंचवीस वर्षांपूर्वी आपल्या भागात घरोघर संगणक येऊ लागले, तेव्हा त्यांच्याबरोबर ‘सी.डी. बर्न करणे’ हा शब्दप्रयोगही आला, आणि जी वस्तू जपावयाची तीच जाळावयाची, हा विलक्षण प्रकार आमच्या कानांस हळूहळू सवयीचा झाला. लग्नाचे चित्रीकरण, बारशाची छायाचित्रे, आजोबांचा आवाज, शाळेचे स्नेहसंमेलन, सर्व काही त्या चकचकीत तबकड्यांवर उतरवून आम्ही कपाटात ठेविले व निश्चिंत झालो. ही निश्चिंती योग्य होती काय, ह्याचा विचार विद्यार्थी व त्यांचे पालक ह्यांच्याबरोबर करावा, एवढाच ह्या लेखाचा हेतू आहे.

गेल्या वर्षी आमच्या वर्गातील एक विद्यार्थी बदलापूरहून एक तबकडी घेऊन आला. तीवर २००६ सालच्या एका घरगुती समारंभाचे चित्रीकरण होते, आणि त्याच्या शेवटी त्याच्या आजोबांनी म्हटलेले एक गाणे होते. आजोबा आता हयात नाहीत. संगणक कक्षातील नव्या यंत्रांत तबकडी घालण्याची सोयच नव्हती. एका जुन्या यंत्रात ती घातली, तेव्हा आरंभीचा भाग नीट दिसला. पुढे चित्र थबकले व यंत्र नुसते घरघरत राहिले. २०१९ च्या जुलैतील पुराचे पाणी त्यांच्या घरात शिरले होते, व ती तबकडी चिखलातून काढून फडक्याने पुसलेली होती. मुलगा काही बोलला नाही. त्याने ती पुन्हा पाकिटात घातली.

दोष कोणाचा? पुराचा म्हणावा, तर पूर आपल्या भागास नवा नाही. २६ जुलै २००५ रोजी उल्हास व वालधुनी ह्या नद्यांनी बदलापूर, अंबरनाथ व उल्हासनगर येथील किती घरे बुडविली, हे पालकांस आठवत असेलच. आमच्या मते खरा दोष एवढाच की, एक प्रत केली व त्यानंतर तिकडे कोणी पाहिले नाही. हाच दोष आमच्याही माथी आहे. जुन्या स्नेहसंमेलनांच्या कित्येक तबकड्या आमच्या कपाटात एकेकट्याच पडून आहेत.

ही तबकडी किती नाजूक असते, हे समजून घेतल्यास आमचे म्हणणे पटेल. ती १२० मिलिमीटर व्यासाची व १.२ मिलिमीटर जाडीची पारदर्शक प्लॅस्टिकची चकती होय. कोऱ्या सी.डी.त ह्या चकतीवर रंगद्रव्याचा एक पातळ थर, त्यावर आरशासारखा धातूचा थर व सर्वांवर एक लेप असतो. संगणकातील लेसरचा किरण त्या रंगद्रव्यास ठिकठिकाणी तापवितो. तापलेली जागा प्रकाश कमी परत करते, न तापलेली अधिक. ह्या उजेड-अंधाराच्या खुणांतच सर्व मजकूर साठविलेला असतो. ही खुणांची ओळ मध्यापासून कडेपर्यंत फेरे घेत जाते. ती सरळ केली तर पाच किलोमीटरांहून अधिक भरेल. उल्हासनगर स्थानकापासून रुळांच्या कडेने अंथरली, तर अंबरनाथ मागे टाकून बदलापूरच्या वाटेस लागेल. पुष्कळांची समजूत अशी की, चकचकीत बाजू जपली म्हणजे झाले. वस्तुतः सी.डी.तील मजकूर नाव लिहिण्याच्या बाजूस अगदी लगत असतो. बॉलपेन दाबून ‘ताईचे लग्न’ असे लिहिणारा हात ताईचे लग्नच खरडून टाकू शकतो. डी.व्ही.डी.त हा थर दोन चकत्यांच्या मध्ये असतो, एवढे तिचे रक्षण अधिक; परंतु ऊन, उष्मा व दमटपणा ह्यांपुढे दोघींचेही कालांतराने काही चालत नाही.

आणखी एक भेद ध्यानात ठेवावा. संगणकातील फाइली जशाच्या तशा उतरविल्या, तर ती डेटा तबकडी. दूरदर्शनसंचाजवळच्या प्लेयरवर चालावी म्हणून चित्र ठराविक साच्यात बसवून उतरविले, तर ती व्हिडिओ तबकडी. सी.डी.त ७०० मेगाबाइट, तर साध्या डी.व्ही.डी.त ४.७ गिगाबाइट मावतात. तेवढ्यात बसविण्यासाठी चित्र आकसावे लागते, व त्याची स्पष्टता घटते. म्हणून पाहण्यासाठी व्हिडिओ तबकडी जरूर असावी. पण जपण्यासाठी मूळ फाइलीच ठेवाव्यात.

कोणी म्हणेल, ‘आता तबकड्यांचे दिवस गेले, सर्व काही मोबाइलमध्ये आहे.’ दिवस गेले हे खरेच. तबकड्या करणारी मोझर बेअर ही आपल्या देशातील मोठी कंपनी २०१८ साली अवसायनात गेली. ज्या सोनी कंपनीने फिलिप्ससह १९८२ साली सी.डी. बाजारात आणली, तिने कोऱ्या ब्ल्यू-रे तबकड्यांचे उत्पादन २०२५ साली बंद केले. परंतु ह्यावरून निष्काळजीपणा सिद्ध होत नाही, उलट घाई सिद्ध होते. कारण तबकडी धड राहिली तरी ती वाचणारे यंत्र मिळेनासे होईल. आणि मोबाइल तरी काय? तो गर्दीच्या लोकलमध्ये हरवतो, पाण्यात पडतो, त्याचा परवलीचा शब्द विसरतो. एकच प्रत मोबाइलात असली काय किंवा तबकडीवर असली काय, धोका एकच.

अंबरनाथच्या शिवमंदिरातील शिलालेख शके ९८२, म्हणजे इ.स. १०६० चा आहे. त्यास दगडाचा आधार लाभला. आपल्या घरच्या स्मृतींस तो लाभणार नाही. त्यांस प्रतींचाच आधार. फादर थॉमस स्टीफन्स ह्यांचे ‘ख्रिस्तपुराण’ १६१६ साली गोव्यात छापले गेले, व पुढे १६४९ आणि १६५४ साली पुन्हा छापले गेले. त्या छपाईंची एकही प्रत आज उपलब्ध नाही. तरीही तो ग्रंथ आपल्या हाती आहे. कारण लोकांनी तो हाताने उतरवून घेतला, आणि अशा हस्तलिखितांवरून १९०७ साली मंगळूर येथे तो पुन्हा छापता आला. छापखान्याने जे राखले नाही, ते नकलून घेणाऱ्यांच्या चिकाटीने राखले.

मात्र नक्कल करणारा प्रत्येक हात पुण्यकर्मच करितो, असे नाही. बाजारातील चोरट्या तबकड्या आपणांपैकी कित्येकांनी विकत घेतल्या आहेत, व मित्रांस वाटण्यासाठी घरीही उतरविल्या आहेत. आजीचा आवाज उतरविताना जी कळ दाबावी लागते, तीच दुसऱ्याचा चित्रपट उतरवितानाही. पण पहिल्या कृतीत आपले जपले जाते, दुसरीत परक्याचे हिरावले जाते. १९५७ चा कॉपीराइट कायदा चित्रपटाच्या मालकाचा हक्क प्रकाशनानंतर ६० वर्षे राखतो, व तो जाणूनबुजून मोडणाऱ्यास तीन वर्षांपर्यंत कारावास व दोन लाख रुपयांपर्यंत दंड सांगतो. शिक्षेचे भय नसले, तरी प्रामाणिक मुलाने हा भेद ओळखावा.

येत्या मे महिन्याच्या सुटीत विद्यार्थ्यांनी एवढे करावे. घरातील सर्व तबकड्या बाहेर काढाव्यात. जोडावयाचा एक बाह्य ड्राइव्ह चार घरांनी मिळून आणावा. प्रत्येक तबकडी संगणकात उतरवून ती शेवटपर्यंत उघडते की नाही हे पाहावे. मग दोन प्रती कराव्यात. एक घरी, दुसरी दुसऱ्या गावच्या नातेवाइकांकडे. चित्रातील माणसे कोण, हे वडीलधाऱ्यांस विचारून कागदावर लिहून ठेवावे. कारण ओळख सांगणारे गेले, म्हणजे चेहरे असूनही परके होतात. १९४७ नंतर ज्यांनी सिंधमधील घरदार सोडून येथील छावणीत संसार मांडला व जिचे १९४९ साली उल्हासनगर झाले, त्या कुटुंबांतील मुलांस जुन्या छायाचित्राचे मोल आम्ही काय सांगावे!

त्या विद्यार्थ्याची गोष्ट अपुरी राहिली. महिन्याभराने तो दुसरी तबकडी घेऊन आला. समारंभानंतर तशीच एक प्रत अंबरनाथच्या आत्याकडे दिली गेली होती, व ती तिच्या ट्रंकेत कोरडी राहिली होती. जुने यंत्र पुन्हा लाविले. आजोबांचे गाणे अखेरपर्यंत ऐकू आले. त्याच दिवशी आम्ही त्याच्या दोन प्रती केल्या, व एक आत्याकडे परत पाठविली.