'कंदिसा' झोपताना ऐकायचा अल्बम नाही

'इंडियन ओशन'चा 'कंदिसा' 2000 साली आला. तेव्हा कॅसेट होती, मग सीडी, आता फोन. आणि फोनवर आल्यापासून आमच्या नात्यागोत्यात त्याचे जे हाल चालले आहेत, त्यावर मला एकदा बोलायचंच आहे. एका मावसभावाने तो 'रात्री झोपताना' नावाच्या यादीत टाकलाय. एक वहिनी योगासनांना लावतात. वर काही बोलायला गेलं की ठरलेलं वाक्य : "तेव्हाचं संगीत कसं शुद्ध होतं! ना राजकारण, ना आरडाओरडा." (दादा, तू हे वाचणार आहेस ते माहीत आहे. म्हणूनच लिहितोय.)

ना राजकारण? या महिन्यात मी तो अल्बम चार-पाच वेळा सलग ऐकला. त्यात 'हिल्ले ले' आहे. शब्द गोरख पांडे यांचे, भोजपुरी, कष्टकऱ्यांच्या बाजूने सरळ उभे राहिलेले. त्यावर कुणाला डुलकी लागत असेल तर त्या माणसाला साष्टांग नमस्कार.

आणि 'मा रेवा'. हे नर्मदेकाठचं लोकगीत. बँडमध्ये बेस वाजवणारा आणि गाणारा राहुल राम नव्वदच्या दशकात नर्मदा बचाओ आंदोलनात होता. ज्या वर्षी अल्बम आला त्याच वर्षी, 18 ऑक्टोबर 2000 रोजी, सर्वोच्च न्यायालयाने सरदार सरोवराचं बांधकाम पुढे न्यायला परवानगी दिली. धरण चढत चढत 138.68 मीटरला पोचलं आणि 2019 मध्ये पहिल्यांदा काठोकाठ भरलं. महाराष्ट्रातली 33 गावं त्याच्या बुडिताखाली आली. सगळी नंदुरबारची, अक्कलकुवा आणि अक्राणी तालुक्यांतली. सुरुवात मणिबेलीपासून. वीजवाटणीत महाराष्ट्राचा हिस्सा 27 टक्के ठरलेला आहे. तेव्हा भोसरी-चाकणच्या पट्ट्यात, कारखान्यांच्या दिव्यांखाली बसून 'ते तिकडचं गुजरातचं प्रकरण' असं आपण तरी म्हणू नये.

"पण गाण्यात धरणाचं नावसुद्धा नाही." हा मात्र मुद्दा आहे, आणि मला तो आवडतो. खरंच नाही. घोषणा नाही, तक्रार नाही, फक्त नदीची स्तुती. वाहत्या पाण्याची. आता ज्या खोऱ्यात हे पाणी वाहायचं थांबून तुंबलंय, त्या खोऱ्यातल्या गाण्याची स्तुती ऐकताना एवढी एक गोष्ट माहीत असली तर गाणं बिघडतं का? माझ्यासाठी तर ते दुप्पट झालं. विशीत मी फक्त त्या ठेक्यावर खूश होतो.

खरं तर आम्हा दिघीकरांना हे समजावून सांगायला लागू नये. माउलींची पालखी आळंदीहून पुण्याला निघते ती आमच्या दारावरूनच. घराघरांत इंद्रायणीची गाणी भक्तिभावाने लागतात. आणि आळंदीत इंद्रायणीवर पांढरा फेस तरंगतो, गेल्या काही वर्षांत कितीदा ते मोजायचंही सोडून दिलं लोकांनी. मैलापाणी आपलं, रसायनं आपल्या पट्ट्यातली. त्यातच वारकरी स्नान करतात. गाणी सुंदरच आहेत हो, कोण नाही म्हणतंय? पण एकीकडे फेस आणि दुसरीकडे डोळे मिटून डोलणं, हे जमवायला फार कोडगेपणा लागतो.

संगीताबद्दल बोलतच नाही असा आरोप नको. सुस्मित सेनची गिटार आजही पहिल्या पाच सेकंदांत ओळखू येते. असीम चक्रवर्ती तबला वाजवता वाजवता गायचे. 25 डिसेंबर 2009 ला ते गेले, आणि त्यांचा आवाज आता जास्तच जवळचा वाटतो. 'खजुराहो' तेव्हा कळलं नव्हतं, आता सोडवत नाही. 'लीव्हिंग होम' मात्र मला लांबलेलं वाटलं, रागवा हवं तर :-) आणि कृपया याला 'फ्यूजन' म्हणू नका. त्या शब्दाने हॉटेलातली पनीर टिक्का पिझ्झाची पाटी डोळ्यांपुढे येते.

दादाला एका ठिकाणी अर्धा मार्क देतो. 'कंदिसा' हे शीर्षकगीत म्हणजे केरळच्या सिरियन ख्रिश्चनांची अरामाइक प्रार्थना. शब्द आपल्यापैकी कुणालाच कळत नाहीत, तरी अंगावर काटा येतो. ते खुशाल डोळे मिटून ऐका. पण जागे राहून! प्रार्थना करणारे लोकही जागेच असतात.

चाकणला कामाला जाणाऱ्यांना मात्र एक सुचवतो. मोशीला इंद्रायणीचा पूल लागतो. ट्रॅफिक असल्यामुळे तिथे वेळ भरपूर मिळतो. 'मा रेवा' तिथे लावून बघा, काच खाली करून.