‘कवापासनं घेत होता?’

माझ्या धाकट्या भावाच्या पोटात पाणी झालं, तेव्हा भेटायला येणाऱ्याचा पहिला प्रश्न ठरलेला असायचा. ‘कवापासनं घेत होता?’ खाटंवर पडलेल्या माणसाच्या गळ्यात तुळशीची माळ, खुंटीला टाळ, उशाला हरिपाठ. पण ते कुणाला दिसत नव्हतं. पोट फुगलं, डोळे पिवळे झाले, म्हणजे लिव्हर गेलं. लिव्हर गेलं म्हणजे दारू. गावाचा निकाल तयार, आरोपीला बोलायची सोय नाही.

मी दहावी शिकलेला माणदेशी शेतकरी. डॉक्टर नव्हे. पण या आजारासंगट आमच्या घरानं आठ वर्षं काढली आहेत, तेव्हा दोन शब्द बोलायचा हक्क मला आहे असं मी समजतो. आणि पहिलं बोलायचं ते माझ्याच विरुद्ध. कारण तो प्रश्न मीही विचारला होता. त्याला गोठ्यामागं नेऊन, हळू आवाजात. “खरं सांग, कुठं चोरून घेत होतास का?” त्यानं माझ्याकडं नुसतं बघितलं, गळ्यातल्या माळंला हात लावला आणि घरात गेला. पुढं कितीतरी दिवस तो माझ्याशी कामापुरतंच बोलायचा.

हे 2017 च्या पावसाळ्यातलं. दवाखान्यात जायच्या आधी आम्ही दोन महिने घालवले. कावीळ उतरवणाऱ्याकडं नेलं. त्यानं हाताला कसलासा रस चोळला, वर चुन्याचं पाणी ओतलं, परातीत पिवळंधमक पाणी पडलं. “बघा, निघाली,” म्हणाला. आम्ही हात जोडले. पुढं मला कळलं की आंब्याच्या सालीच्या रसावर चुन्याचं पाणी घातलं की ते पिवळं होतंच. ज्याला कावीळ नाही त्याच्या हातावर घाला, तरी होतं. मग आणखी एकाकडं काडीची माळ घातली. ती वाढत वाढत छातीवर आली, तशी आमची आशाही वाढली. गाठी सैल पडतात म्हणून माळ वाढते, एवढं साधं गणित शेतात दोऱ्या वळणाऱ्या आम्हाला सुचू नये?

यांचं चालतं कसं, तेही सांगतो. घाण पाण्यातनं होणारी कावीळ बहुतेक माणसांची काही आठवड्यांत आपोआप बरी होते. श्रेय माळ घेते. पण आतनं वर्षानुवर्षं लिव्हर खाणारा आजार असला, तर माळ घालून फक्त दिवस जातात. आणि हे दिवस परत मिळत नाहीत.

वर पथ्य. हळद बंद, तेल बंद, डाळ बंद. उसाचा रस आणि फुटाणे. दोन महिन्यांत भावाचे दंड काडीसारखे झाले आणि पोट तेवढं पुढं आलं. शेवटी शहरात नेला, तेव्हा डॉक्टर म्हणाले, “याला उपाशी कुणी ठेवलं?” मी खाली बघितलं.

तपासात निघाला हिपॅटायटिस बी आणि त्यातनं झालेला सिरोसिस. लिव्हरवर सूज राहून राहून वण धरत जातात, मऊ असलेलं कठीण, गाठाळ होतं, रक्ताला वाट मिळत नाही. हे दारूनं होतं, ते खरंच. पण बी आणि सी या विषाणूंनी होतं, साखरेच्या आजारानं आणि अंगावरच्या चरबीनंही होतं. ज्यानं आयुष्यात थेंब घेतला नाही, त्यालाही होतं.

बी चा विषाणू रक्तातनं जातो. न उकळलेली सुई, दुसऱ्याचा वस्तरा, शरीरसंबंध, आणि बाळंतपणात आईकडनं लेकराला. आमच्या लहानपणी गावात येणारा सुईवाला एकाच सुईनं दहा जणांना टोचायचा. भावाला कुठनं आला, हे आता कुणी सांगू शकत नाही. पण तो कशानं जात नाही, हे पक्कं सांगता येतं. ताटातनं जात नाही, पेल्यातनं जात नाही, शेजारी बसून जात नाही, गळ्यात गळा घालून जात नाही.

आणि आमच्या गावानं काय केलं? सप्त्याच्या पंगतीत त्याला कडेला बसवलं. सगळ्यांना ताटं, त्याला पत्रावळ. ज्या वारकऱ्यांत माणूस माणसाच्या पाया पडतो, त्या मंडळींनी. कुणी रागावून नाही, अगदी गोड बोलून. “तात्या, तुमी हितं निवांत बसा.” भावानं निवांत दोन घास खाल्ले. मी तेव्हा वाढप्यात होतो. हातातली बादली ठेवून त्याच्याशेजारी जाऊन बसायला पाहिजे होतं. बसलो नाही. लोक काय म्हणतील, हा आजार मलाही होताच.

घरातल्या सगळ्यांचं रक्त तपासून घ्या, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. माझं चांगलं निघालं. आमच्या बहिणीचं रक्त सापडलं. तिला काहीच त्रास नाही. हा विषाणू असाच वीस-तीस वर्षं गप्प राहू शकतो. तिनं सासरी सांगितलं नाही. औषधपाण्याला ती माहेरपणाचं निमित्त करून येते. मी हे लिहिणार म्हटल्यावर ती म्हणाली, “लिही आबा, पर गावाचं नाव घालू नगंस.” म्हणून या लेखात गाव नाही. एका बाईला आपलं दुखणं चोरून आणावं लागतं, याची लाज तिला नको, आपल्याला पाहिजे.

बरं, यावर उपाय नाहीत असंही नाही. लस आहे. देशभरातल्या सरकारी लसीकरणात ती 2011 पासून आहे. बाळाला पहिला डोस जन्मल्यापासून चोवीस तासांच्या आत द्यायचा असतो. मोठ्यांनाही तीन डोस घेता येतात. 2018 साली राष्ट्रीय व्हायरल हिपॅटायटिस नियंत्रण कार्यक्रम सुरू झाला, त्यात तपासणी आणि गोळ्या मोफत आहेत. सी असला तर बहुतेकांना तीन महिन्यांच्या गोळ्यांनी तो बरा होतो. बी मुळासकट जात नाही, पण रोजच्या एका गोळीनं दबून राहतो. फक्त ती गोळी आपल्या मनानं बंद करायची नाही. यात्रेचा फलक लावायला आपल्याकडं पैसे असतात. ही चार वाक्यं चावडीवर लिहायला कुणाच्या बापाचं काय जातं?

आता मिठाचं. पोटात पाणी होणाऱ्याला दिवसाचं सगळं मिळून चहाच्या चमच्याएवढं मीठ, त्याहून जास्त नको. लोणचं, पापड, फरसाण बंद. लोक येऊन सांगतात, “सैंधव चालतंय की!” सैंधव काय साखर आहे? तेही मीठच. माझी भावजय आठ वर्षं त्याची भाजी वेगळी काढते, लिंबू पिळून, जिरं भाजून चव आणते, आणि स्वतःही तीच भाजी खाते. “त्यांना एकट्याला अळणी कसं घालू?” म्हणते. या बाईला कुणी विचारलं नाही, तू कशी आहेस. विचारलं ते हेच, की नवरा कवापासनं घेत होता.

उपासाचंही तेच. या आजारात रात्रभर पोट रिकामं राहिलं तर शरीर आपलंच मांस मोडून खातं. म्हणून निजताना काहीतरी खायचं, डाळ, दूध, दही पोटभर खायचं, असं डॉक्टरांनी सांगितलं. भावानं एकादशी सोडली, तेव्हा डोळ्यांतनं पाणी काढलं. त्यावर एक बुवा म्हणाले, “देवावरचा भरवसा उडाला वाटतं.” बुवा, पंढरीचा विठोबा लेकराला उपाशी मारणारा असता, तर त्याला कुणी माउली म्हटलं नसतं.

एक रात्र मात्र मी विसरू शकत नाही. दोन-तीन दिवस तो दिवसा झोपायचा, रात्री जागा. हात थरथरायचे. त्या रात्री गोठ्यात जाऊन, दहा वर्षांपूर्वी विकलेल्या बैलाला हाका मारत बसला. मला ओळखेना. म्हातारी माणसं म्हणाली, बाहेरचं झालंय. मी लिंबू उतरवला, अंगारा लावला. पहाट होईपर्यंत तो बेशुद्ध पडला. दवाखान्यात कळलं, लिव्हर रक्तातलं विष गाळीनासं झालं की ते मेंदूवर जातं. त्याला चार दिवस शौचाला झालं नव्हतं, तेवढंच निमित्त पुरलं. औषधं दिली, पोट साफ झालं, तिसऱ्या दिवशी मला ‘आबा’ म्हणून हाक मारली. आता जुलाबाचं गोड औषध घरात कायम असतं, आणि दिवसाला दोन-तीनदा शौचाला होतंय का, हे आम्ही दुधाच्या हिशोबासारखं मोजतो. रक्ताची उलटी, डांबरासारखी काळी शौच किंवा अशी भूल दिसली, तर लिंबू शोधू नका, गाडी शोधा. आणि कंबर दुखली म्हणून दुकानातनं गोळी आणून देऊ नका.

कुणी म्हणेल, तुझा भाऊ माळकरी होता म्हणून तुला पुळका. पिणाऱ्यानं भोगावं. मीही असंच म्हणायचो. पण आमच्या गल्लीत पिऊन पोट फुगलेला एक जण होता. निवडणुकीत त्याला कोण पाजायचं, मजुरीच्या जागी बाटली कोण द्यायचं, हे सगळ्या गावाला माहीत. पाजणारे पांढऱ्या कपड्यांत फिरतात आणि पिणारा खोकत पडला की त्याच्याकडं बोट दाखवतात. तो मेला तेव्हा चार खांदेकरी मिळायला उशीर झाला. दारू सोडल्यावर लिव्हर बरंच सावरू शकतं, पण सोडायला माणसाला कुणीतरी धरून ठेवावं लागतं. शिव्या देऊन कुणी सावरलेलं मी तरी बघितलं नाही. पिणाऱ्याला औषध द्यायचं आणि न पिणाऱ्याला दया, असा भेद करायचा ठेका आपल्याला कुणी दिला?

मटणाच्या दुकानात आपण लिव्हरला काळीज म्हणतो. माणसाच्या बाबतीत मात्र काळीज म्हणजे माया. आमच्या भावाचं एक काळीज विषाणूनं खाल्लं. दुसरं आपण खाल्लं, आपल्या प्रश्नानं आणि आपल्या पत्रावळीनं.

तो आज आहे. सकाळी गोळी घेतो, दर सहा महिन्यांनी सोनोग्राफी करतो, शेळ्यांमागं हळू हळू फिरतो. गेल्या सप्त्यात मी त्याला पंगतीच्या मधोमध बसवला आणि त्याला लागून बसलो. त्याच्या ताटातली भाकरी मोडून खाल्ली, सगळे बघत असताना. फार काही केलं नाही. आठ वर्षं उशिरा केलं. पुढच्या पंगतीत आमच्यापलीकडं कोण बसतंय, ते मला बघायचंय.