रेसिंग गेममधलं ट्यूनिंग तुमचं, मग सेव्ह फाइल कोणाची?

युबिसॉफ्टचा ‘द क्रू’ हा स्ट्रीट रेसिंग गेम ३१ मार्च २०२४ ला कायमचा बंद झाला. डिसेंबर २०१४ मध्ये आलेला हा गेम लोकांनी पैसे मोजून विकत घेतला होता. पण एकट्याने खेळायलाही कंपनीचा सर्व्हर लागायचा, त्यामुळे आता डिस्क कपाटात असूनही तिचा उपयोग नाही. सर्व्हर सांभाळण्याचा प्रश्न आणि संपत आलेली लायसन्स, अशी कारणं कंपनीने दिली.

‘गेमच तर आहे, दुसरा खेळा’ असं म्हणणं सोपं आहे. पण रेसिंग गेममध्ये खेळाडूने नेमकं काय गमावलं हे समजायला आधी ट्यूनिंग म्हणजे काय ते बघावं लागेल.

ट्यूनिंगमध्ये नेमकं काय बदलतं?

सगळ्यात जास्त फरक पडतो तो फायनल ड्राइव्हने. हा गिअरबॉक्सनंतरचा शेवटचा रेशो, आणि तो सगळ्या गिअर्सना एकदम लागू होतो. उदाहरणादाखल एक गाडी घेऊ: इंजिन ८,००० आरपीएमपर्यंत जातं, टॉप गिअर ०.८ चा आहे आणि चाकाचा घेर साधारण २.०४ मीटर. फायनल ड्राइव्ह ४.१ ठेवला तर गिअरिंगच्या हिशोबाने टॉप स्पीड येतो ताशी सुमारे २९८ किलोमीटर. तोच ४.५ केला की २७२ वर येतो. बदल्यात प्रत्येक गिअरमध्ये चाकांना मिळणारा जोर जवळपास १० टक्क्यांनी वाढतो. म्हणजे शहरातल्या गल्ल्यांमधून रेस असेल तर ४.५, लांबलचक हायवे असेल तर ४.१.

मग येतं वळण. गाडी वळायच्या ऐवजी सरळच पळत असेल, तर पुढचा अँटी-रोल बार थोडा मऊ करायचा किंवा मागचा कडक. उलट मागची बाजू फार घसरत असेल तर याच्या विरुद्ध. ब्रेकचा जोर मागच्या चाकांवर जास्त दिला तर ब्रेक मारताच गाडी फिरते. डाउनफोर्स वाढवला की वेगात पकड वाढते, पण हवेचा अडथळाही वाढतो आणि सरळ रस्त्यावर वेग कमी पडतो.

यातलं काहीच फुकट मिळत नाही. एक गोष्ट वाढवली की दुसरी कमी होते. म्हणून एका वेळी एकच सेटिंग बदलायचं, त्याच रस्त्यावर परत फेरी मारायची, वेळ बघायची. चांगलं सेटअप बनायला कित्येक संध्याकाळी जातात. ते दुकानातून मिळत नाही, ते खेळाडूने स्वतः बनवलेलं असतं.

आधी हे सगळं कुठे सेव्ह व्हायचं?

२००४ चा ‘नीड फॉर स्पीड अंडरग्राउंड २’ आठवतोय? त्यात डायनो होता. गिअर रेशो, स्प्रिंग, टर्बोचा दाब, ईसीयू असं बरंच काही हाताने लावता यायचं, आणि ड्रॅग, ड्रिफ्ट, सर्किट अशा प्रकारांसाठी वेगवेगळं सेटअप ठेवता यायचं. हे सगळं आपल्याच कॉम्प्युटरच्या हार्ड डिस्कवर सेव्ह व्हायचं. पेन ड्राइव्हवर कॉपी केलं की झालं. गेमचं ऑनलाइन रेसिंग कधीच बंद पडलं, पण करिअर मोड आणि त्यातल्या गाड्या आजही चालू शकतात.

आता चित्र वेगळं आहे. ‘फोर्झा होरायझन’ मालिकेत एखाद्याचं ट्यूनिंग हवं असेल तर त्याचा शेअर कोड टाकायचा. सोय उत्तम आहे. पण त्या कोडमध्ये सेटिंग नसतं, सेटिंग सर्व्हरवर असतं. कोड हा फक्त पत्ता. शिवाय दुसऱ्याचं ट्यूनिंग डाउनलोड केलं तरी त्यातले आकडे दिसत नाहीत. उद्या तो सर्व्हर बंद झाला, तर वहीत लिहून ठेवलेले कोड कुठेच पोहोचवणार नाहीत.

इंजिनीअर म्हणून इथे एक गोष्ट खटकते. एका सेटअपमध्ये समजा ३० आकडे आहेत आणि प्रत्येकाला ४ बाइट लागतात. एकूण १२० बाइट. एका एसएमएसमध्ये १४० बाइट मावतात! एवढीशी माहिती खेळाडूच्या मशीनवर ठेवायला जागेची किंवा खर्चाची अडचण असूच शकत नाही.

कंपन्यांचं म्हणणं काय?

त्यांच्या बाजूने दोन मुद्दे खरे आहेत. एक, खऱ्या गाड्या आणि गाणी वापरायला ठरावीक मुदतीचं लायसन्स लागतं. ‘फोर्झा होरायझन ४’ याच कारणाने १५ डिसेंबर २०२४ ला विक्रीतून काढला गेला. पण ज्यांनी आधी घेतला होता, त्यांचा गेम बंद केला नाही. म्हणजे विक्री थांबवणं आणि विकलेली वस्तू बंद पाडणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

दुसरा मुद्दा, ऑनलाइन गेमचा बराचसा लॉजिक सर्व्हरवर असतो आणि तो नंतर वेगळा काढणं खर्चिक असतं. हेही खरं. पण ‘द क्रू’च्या चाहत्यांनी सप्टेंबर २०२५ मध्ये ‘द क्रू अनलिमिटेड’ नावाने स्वतःचा पर्यायी सर्व्हर आणला आणि गेम पुन्हा चालू केला. मूळ सोर्स कोड हातात नसताना बाहेरच्या लोकांना जे जमलं, ते मूळ कंपनीला अशक्य होतं असं म्हणता येत नाही. खुद्द युबिसॉफ्टनेही ‘द क्रू २’ला नंतर ऑफलाइन मोड दिला.

कायदा कुठवर आलाय?

‘द क्रू’ बंद झाल्यावर ‘स्टॉप किलिंग गेम्स’ ही मोहीम सुरू झाली. युरोपियन युनियनमधल्या तिच्या अर्जाने जुलै २०२५ मध्ये १० लाख सह्यांचा टप्पा ओलांडला. तपासणीत एवढ्या सह्या वैध ठरल्या की युरोपियन कमिशनला त्यावर अधिकृत भूमिका मांडावी लागते. मागणी अशी की सपोर्ट संपवताना गेम खेळता येईल अशा अवस्थेत सोडा. कायम सर्व्हर चालवा, असं कोणी म्हणत नाहीये. कॅलिफोर्नियात २०२५ पासून डिजिटल स्टोअरला सांगावं लागतं की तुम्ही मालकी विकत घेत नाही, फक्त लायसन्स घेताय. पाटी लावणं चांगलंच, पण त्याने गेम वाचत नाही.

आपल्याकडे ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेत मंजूर झालेला ऑनलाइन गेमिंग कायदा पैसे लावून खेळायच्या गेम्सबद्दल आणि ई-स्पोर्ट्सबद्दल आहे. विकत घेतलेला गेम कंपनीने बंद केला तर काय, हा त्याचा विषयच नाही.

माझ्या मते सगळ्यात आधी एक छोटी मागणी लावून धरायला हवी: ‘एक्सपोर्ट’चं बटण. गाडी, नकाशा, गाणी कंपनीची असतील, पण मी लावलेले ३० आकडे माझ्याकडे साध्या फाइलमध्ये यायला हवेत.

तोपर्यंत काय कराल?

- विकत घेण्याआधी स्टोअर पेजवर ‘इंटरनेट कनेक्शन आवश्यक’ असं लिहिलंय का, ते बघा.
- आवडत्या सेटअपच्या प्रत्येक टॅबचा स्क्रीनशॉट काढून ठेवा. शेअर कोड पुरेसा नाही.
- आकड्यांसोबत ‘का बदललं’ हेही एका ओळीत लिहा. गेम बदलला की आकडे बदलतात, कारणं बऱ्याचदा तीच राहतात.