घरगुती यंत्रविचार : अर्धवट मिटलेली वही

गेल्या दिवाळींत आमच्या घरीं एक लहानसा प्रसंग घडला. हानि कांहीं झाली नाहीं. पण ती होण्यास एका कळीचेंच अंतर उरलें होतें, म्हणून तो वाचकांस सांगणें मला अगत्याचें वाटतें.

आमच्या संगणकावर आजवर विंडोज ही एकच कार्यप्रणाली होती. सुटींत घरीं आलेल्या पुतण्यानें तिच्या शेजारीं लिनक्स ही दुसरी बसविली. यंत्र एक, कारभारी दोन. सुरू करतेवेळीं ज्याला हाक मारावी तो पुढें येतो. पाडव्याच्या सायंकाळीं सारी मंडळी माईंच्या सहस्रचंद्रदर्शनाचीं छायाचित्रें पाहण्यास जमली. पुतण्यानें लिनक्समधून विंडोजचा कप्पा जोडूं पाहिला, म्हणजे त्यांच्या भाषेंत 'माउंट' करूं पाहिला, तों पडद्यावर उत्तर आलें : कप्पा असुरक्षित स्थितींत आहे; विंडोज पूर्णपणें बंद करून या, अथवा केवळ वाचण्यापुरता जोडा.

"काका, काळजी नको," पुतण्या म्हणाला, "एक आज्ञा दिली कीं हा अडसर निघेल."

"अरे, अडसर कोणीं व कां घातला, तें तर आधीं पाहूं!"

चौकशी करतां उलगडा झाला. थोरले बंधु दुपारीं आत्याबाईंच्या तोंडून ऐकलेल्या हकिकती कुलवृत्तांतासाठीं उतरवून घेत होते. चार पानें झालीं, तोंच बाहेरून हाक आली. पानें जतन न करतांच त्यांनीं 'हायबरनेट'ची कळ दाबली व ते उठले. या कळीनें यंत्र बंद होतें खरें. परंतु विंडोज आपली सारी चालू स्मृति एका फाइलींत लिहून ठेवते आणि पुढच्या वेळीं तेथूनच काम सुरू करते. पुतण्याची आज्ञा नेमकी तीच फाइल पुसणार होती. आत्याबाईंचें वय नव्वदीच्या पुढें. सांगितलेलें पुन्हा तसेंच सांगतील, याची खात्री कोणीं द्यावी?

लिनक्सचा नकार अज्ञानाचा नव्हता. विंडोजच्या नोंदींची एनटीएफएस ही पद्धत १९९३ सालीं विंडोज एनटीबरोबर आली. लिनक्सला ती वाचतांही येते व लिहितांही येते. पण एखादा कारकून शेवटचे आंकडे मनांत ठेवून, वही अर्धवट मिटून घरीं गेला, आणि रात्रीं दुसऱ्यानें त्याच वहींत नोंदी केल्या, तर सकाळीं पहिला आपल्या आठवणीप्रमाणें पुढें लिहील. मग हिशेब कोणालाच लागणार नाहीं. हा घोटाळा टळावा म्हणूनच तो नकार होता.

येथें एक मेख ध्यानांत ठेवावी. २०१२ सालच्या विंडोज ८ पासून 'फास्ट स्टार्टअप' नांवाची सोय आली. ती चालू असल्यास 'शट डाउन' केलें तरी उघडीं कामें बंद होतात, पण प्रणालीचा गाभा असाच फाइलींत निजून राहतो. म्हणून यंत्र रीतसर बंद करणारासही हाच नकार मिळतो.

उपाय सोपा आहे. विंडोजमध्यें परत जावें, उघडीं कामें जतन करावीं व 'रीस्टार्ट' निवडावें. त्यानें प्रणाली खरोखर मिटते. मग यादींतून लिनक्स घ्यावें. कायमच्या बंदोबस्तासाठीं कंट्रोल पॅनेलमधील पॉवर ऑप्शन्समध्यें जाऊन फास्ट स्टार्टअपपुढील खूण काढावी. इतकें करूनही कप्पा जोडला न गेल्यास विंडोजमधूनच 'चेक डिस्क' चालवावें. लिनक्सवरील 'एनटीएफएसफिक्स' थोड्याच किरकोळ चुका सुधारतें. तें त्याची जागा घेऊं शकत नाहीं. विंडोज मुळींच सुरू होत नसेल, तर कप्पा केवळ वाचण्यापुरता जोडून मोलाच्या वस्तु प्रथम दुसऱ्या डिस्कवर उतरवून घ्याव्या, दुरुस्ती त्यानंतर.

याची उलट बाजूही आहे. लिनक्सच्या पद्धतीची डिस्क विंडोजच्या यंत्रास लावली, तर ती वापरण्यापूर्वीं 'फॉरमॅट' करावी लागेल, असें विंडोज पुष्कळदां सांगते. होकार देऊं नये. मोडी न येणाऱ्यानें आजोबांचे कागद रद्दींत घालण्यासारखेंच तें होईल. आपणांस वाचतां येत नाहीं, याचा अर्थ तेथें कांहीं लिहिलेलें नाहीं, असा होत नाहीं.

त्या सायंकाळीं बंधूंनीं विंडोज पुन्हा जागी केली. चारही पानें जशींच्या तशीं समोर आलीं. तीं जतन करून त्यांनीं 'रीस्टार्ट' केलें, आणि दहा मिनिटांत पडद्यावर माई दिसूं लागल्या. आत्याबाईंनीं चष्मा सारखा केला व त्या म्हणाल्या, "ही पैठणी मींच नेसविली होती हो तिला." बंधूंनीं तेंही वाक्य लिहून घेतलें, आणि या वेळीं ताबडतोब जतन केलें.